डिकीतली स्टेपनी आणि वडिलांचं इन्सुलिन

तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का? डॉक्टर हे का विचारतोय, असं वाटेल. सांगतो.

गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन पुण्याहून माणगावला निघालो होतो. ‘आता जेवायला थांबूच’ म्हणालो, म्हणून त्यांनी जेवणाआधीचं इन्सुलिन गाडीतच घेतलं. पुढे ताम्हिणी घाटात दगड लागून टायरची बाजू फाटली. मदतसेवेचे पैसे दरवर्षी भरतो, पण मोबाईलला रेंजच नव्हती. अर्ध्या तासात वडिलांना दरदरून घाम, हाताला थरथर. साखर उतरत होती. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग बिस्किटं. तोवर एका टेम्पोवाल्या दादांनी चाक बदलून दिलं.

चूक आमचीच. जलद काम करणारं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं.

2020 पासून काही अटींवर नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर किट चालतं. त्याने खिळ्याचं भोक बुजतं, फाटलेली बाजू नाही. म्हणून घाटात जाणाऱ्यांनी पूर्ण आकाराची स्टेपनी ठेवावी, असं माझं मत. शहरात फोन पुरे. मात्र नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा मणक्याचा त्रास असेल, तर चाक तुम्ही उचलू नका. कितीही उशीर होवो, मदतीची वाट पाहा.

आणि हो, त्या स्टेपनीतली हवा मी शेवटची कधी तपासली होती, ते मला आठवत नव्हतं. नशिबाने होती.