उलगड्यानंतरची आई

रहस्यपट घरात येतो तोवर त्यातलं रहस्य बहुधा फुटलेलं असतं. शेवटच्या शोहून परतणाऱ्यांनी ते पानठेल्यावर सांगून टाकलेलं असतं, ऑफिसात डबा खाताना कुणीतरी बोलून गेलेलं असतं. रीमा कागतींचा ‘तलाश’ ३० नोव्हेंबर २०१२ला लागला, तेव्हा आमच्या नागपुरातही हेच झालं. पुढे तो आमच्या घरी डिस्कवर आला, तोवर करीना कपूरच्या रोझीबद्दल जे अगदी शेवटी कळायचं असतं, ते घरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. तरी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. थिएटरात मी हा सिनेमा पाहिला होता तो इन्स्पेक्टर शेखावतच्या मागे मागे फिरत. घरी पाहताना उलगडा कशाचाच व्हायचा नव्हता, म्हणून नजर मोकळी होती, आणि ती राणी मुखर्जीनं केलेल्या रोशनीवर जाऊन थांबली. आईच्या दुःखावरचे रहस्यपट घरी पाहावेत आणि गुपित कळल्यावर पाहावेत, असं मला तेव्हापासून मनापासून वाटत आलं आहे.

सिनेमा सुरू होतो तो अपघातानं. मुंबईत समुद्रालगतच्या रस्त्यावर रात्री एका नटाची गाडी कारण नसताना वळते आणि थेट पाण्यात जाते. तपास आमिर खानच्या सुर्जनसिंग शेखावतकडे येतो. या तपासाला समांतर त्याच्या घरातली गोष्ट चालते. शेखावत नवराबायकोचा लहानगा मुलगा करण एका सहलीत बुडून गेलेला आहे. बापाला झोप नाही. तो रात्र रात्र गाडी घेऊन शहरभर हिंडतो, आणि त्या दिवशी आपण काय वेगळं करायला हवं होतं याची चित्रं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आई घरात आहे. राणीनं ही भूमिका फार कमी बोलून केली आहे. तिच्या दुःखावर कुणी गुन्हा नोंदवलेला नाही, त्याचा तपास नाही, त्यामुळे कथेच्या धावपळीत ते मागे पडतं. थिएटरात तर ते प्रसंग आले की लोक उठून पॉपकॉर्न आणायला जात.

घरी असं होत नाही. घरातल्या प्रेक्षकाची बैठकच निराळी. १९८२च्या एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला, आणि नागपुरात टीव्हीसकट व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर सिनेमे लावायची पद्धत पडली. लग्नघरी, गणपतीत, उन्हाळ्यात गच्चीवर सगळी आळी जमायची. ज्या बायका रात्रीच्या खेळाला सीताबर्डीपर्यंत कधी जाऊ शकल्या नसत्या, त्या मेथी निवडत, पोराला थोपटत तीन-तीन सिनेमे बघायच्या. पुढे व्हीसीडी आल्या. एक सिनेमा दोन चकत्यांवर मावायचा आणि चकती बदलायची वेळ हेच मध्यंतर असायचं. मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा सिनेमा चक्क वाणसामानाच्या यादीत आला. या सगळ्या प्रवासात थिएटरच्या हिशेबात न धरलेला एक प्रेक्षक सिनेमाला मिळाला. दुपारचं आवरून बसलेली बाई. आईच्या दुःखाची गोष्ट ती तिसऱ्याच डोळ्यांनी बघते.

त्या दिवशी आमच्याकडे शेजारच्या काकूही आल्या होत्या. त्यांचा मोठा मुलगा कॉलेजात असताना मित्रांसोबत वाकीला गेला होता. कन्हान नदीचा तिथला डोह नागपूरकरांना चांगलाच ठाऊक आहे. दर काही दिवसांनी तिथे कुणी बुडाल्याची बातमी येते. काकूंचा मुलगा परतला नाही. आळीनं तेव्हापासून एक अलिखित नियम पाळला होता: त्यांच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या वयाच्या पोरांची लग्नं झाली, पत्रिका द्यायला जाताना लोक दारातूनच परतत. टीव्हीवर पाण्याकाठचा प्रसंग सुरू झाला तशी माझ्या आईनं मला खूण केली. मी रिमोट उचलला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “बंद नको करू, बाप्पा. मी पाहून राहिली ना.”

प्रसंग संपला आणि त्या आपणहून बोलायला लागल्या. मुलाला आदल्याच आठवड्यात बूट घेऊन दिले होते, सात नंबरचे. भिजू नयेत म्हणून त्यानं ते काठावर काढून ठेवले, मोजे आत नीट खोचून. पोलिसांनी घड्याळ दिलं, पाकीट दिलं आणि ते बूट दिले. “मोजे कोरडे होते गं,” त्या माझ्या आईला म्हणाल्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी विचारली नव्हती. टीव्हीचा आवाज मी कमी केला होता. त्या बोलत राहिल्या, मुलाचं नाव घेत राहिल्या, अगदी सहज, तो आत्ता बाहेरून येईल अशा स्वरात. मग पडद्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “ती त्या पारशिणीकडे जाते, तर याला एवढा राग काऊन येते?”

प्रश्न नेमका होता. सिनेमातल्या रोशनीला फ्रेनी नावाची शेजारीण भेटते. करण आपल्याशी बोलतो, असं ती सांगते. रोशनी तिच्याकडे जाऊ लागते, तिला बरं वाटू लागतं आणि नवऱ्याला ते कळल्यावर तो संतापतो. हे त्रिकूट सिनेमाला नवं नाही. निकोलस रोग यांच्या १९७३च्या ‘डोन्ट लुक नाऊ’मध्येही मुलगी तळ्यात बुडून गेलेलं जोडपं आहे. व्हेनिसमध्ये भेटलेली एक अंध बाई त्या आईला सांगते, तुझी मुलगी सुखात आहे. आईचा चेहरा उजळतो. बाप हे सगळं झिडकारतो. देश बदलला, चाळीस वर्षं गेली, तरी आई दिलासा शोधते आणि बाप पुरावा मागतो, हे तसंच राहिलं.

मी नागपूरचा माणूस आहे. श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं हे गाव. ऑगस्ट २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, तो त्याच वर्षी डिसेंबरात इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. मेलेल्या मुलाचा निरोप आणून देणाऱ्या कुणावरही माझा विश्वास नाही, आणि अशा निरोपांच्या नावानं किती आयांना लुबाडलं जातं हे या चळवळीनं आपल्याला दाखवलं आहे. ‘तलाश’ शेवटी त्या निरोपाला खरं ठरवतो, ते मला पटत नाही. पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं संपत नाही. फ्रेनीच्या घरी रोशनीला काय मिळतं? करणबद्दल बोलायला एक जागा मिळते. त्याचं नाव घेतल्यावर दचकत नाही असं एक माणूस मिळतं. तिच्या स्वतःच्या घरात हे दोन्ही नाही. आई भोंदूच्या दारात जाते ती बऱ्याचदा अडाणीपणामुळे जात नाही. बाकीची दारं आपण सगळ्यांनी मिळून बंद केलेली असतात. लुबाडणाऱ्यापासून तिला वाचवायचं असेल तर कायदा हवाच. त्यासोबत घरात तिचं ऐकणारं कुणीतरी हवं.

या विषयाला नागपूरनं फार आधी हात घातला आहे, तोही रहस्याचा आधार न घेता. महेश एलकुंचवारांचं ‘रक्तपुष्प’ हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं नाटक. त्यातली पद्मा मुलगा गमावून बसलेली आहे, पाळी जाण्याच्या वयात आलेली आहे, आणि घरात राहायला आलेल्या एका तरुणात तिचं मन अडकतं. त्या ओढीत गेलेल्या मुलाची आस किती आणि बाईची स्वतःची तहान किती, हे तिलाही वेगळं करता येत नाही. घरात तरुण मुलगी आहे, नवरा आहे. कुठे प्रेत नाही, तपास नाही, भूत नाही. तरी ते वाचताना जो ताण येतो तो कुठल्याही थरारपटापेक्षा कमी नाही, कारण आईचं दुःख शरीरात कुठवर उतरतं हे त्यात न लाजता पाहिलेलं आहे. आई म्हणजे डोळ्यांतून टिपं गाळणारी मूर्ती, ही आपली सोयीची समजूत. तिच्या दुःखात राग असतो, हेवा असतो, वासनाही असते. एलकुंचवारांनी हे मध्यमवर्गीय प्रेक्षकासमोर तेव्हा ठेवलं, याचं मोल मला वय वाढेल तसं अधिक कळतं आहे.

रहस्यपटाला मात्र एक वाईट खोड आहे. दुःखी आईला तो आधी वेडी ठरवतो, मग संशयित. २०२४च्या ‘मदर्स इन्स्टिंक्ट’मध्ये मुलगा गमावलेल्या आईकडे तिची जिवाभावाची शेजारीणच भीतीनं पाहू लागते, आणि प्रेक्षकालाही तसंच पाहायला लावलं जातं. आपल्याकडे तरी काय निराळं आहे? नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. मूल गेलेली बाई वर्षभरानं रडली तर तिला त्या चौकाचं नाव ऐकवणारे नातेवाईक असतात. वैद्यकशास्त्र आता याकडे जास्त काळजीनं पाहतं. २०२२पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ, त्या समाजाच्या रीतीत बसणार नाही इतक्या तीव्रतेनं दुःख माणसाला जखडून ठेवत असेल, तर त्याला मदत लागते, असं ते सांगतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मोठ्यांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली. या मुदतींवर वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण मदत देणं आणि वेडी ठरवणं यातला फरक त्यांनी नोंदवला, एवढं तरी पदरात पडलं.

काही वेळा थरारपटच ही खोड मोडतो. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ २०१७मध्ये थिएटरात आला. उसाच्या फडातलं एकाकी घर, आसऱ्याला आलेली गर्भार नेहा, लपंडाव खेळणारी मुलं. पूजा सावंतची नेहा जे पाहते त्यावर सुरुवातीला कुणी विश्वास ठेवत नाही. शेवटी भीतीचं मूळ सापडतं ते मुली नको असलेल्या घरांत, नकोशा म्हणून संपवलेल्या लेकींत. त्याचंच हिंदी रूप, ‘छोरी’, नोव्हेंबर २०२१मध्ये थिएटर टाळून ॲमेझॉन प्राइमवरून थेट घराघरांत पोचलं. मला हे योग्य वाटलं. मुलीचा जीव घ्यायचा निर्णय घरातच होतो, बैठकीच्या खोलीतच होतो. तो सिनेमा त्याच खोलीत, सासूसुनांनी शेजारी बसून पाहायला हवा.

आणि मग भंडारा. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नागपूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. मंत्री आले, चौकशी झाली, मदत जाहीर झाली. त्यातल्या काही बाळांचं बारसंही झालं नव्हतं, म्हणजे आईला हाक मारायला नावसुद्धा उरलं नाही. इथे उलगडा झाला तरी त्यानं काय होणार? आग कुठून लागली हे कळायलाच हवं, जबाबदार कोण हे ठरायलाच हवं, नाहीतर उद्या दुसरा कक्ष जळेल. पण दूध भरून आलेल्या त्या आयांना अहवालाच्या पलीकडचंही काही हवं होतं, आणि ते सरकारला देता येत नाही. ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं.

मूल गेल्यावर ऐकणं हे एक काम आहे, तसं ते जाण्याआधी ऐकणं हेही काम आहे, हे गडचिरोलीनं दाखवलं. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय बंग यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांनी काम सुरू केलं त्या गावांत १९८८च्या सुमारास हजार जन्मांमागे एकशेएकवीस बाळं वर्षाच्या आत जात होती. २००३पर्यंत हा आकडा तीसवर आला. राज्यातल्या बालमृत्यूंवरच्या त्यांच्या अहवालाचं नाव ‘कोवळी पानगळ’. अशा आकड्यांमागे किती रोशनी असतील, याचा विचार मी काकूंसोबत ‘तलाश’ पाहिला त्या दिवसानंतर करू लागलो. त्यांच्यापैकी कुणावर सिनेमा निघणार नाही. पण त्यांच्या घरात टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे, आणि अशी एखादी गोष्ट कधीतरी त्यांच्यासमोर येणारच आहे.

ती येईल तेव्हा आपण काय करायचं, एवढाच माझा मुद्दा आहे. रिमोटकडे हात नेऊ नये. सिनेमा तिला दुखवेल ही आपली भीती बहुतेक वेळा आपल्याच अवघडलेपणाची असते. तिला पाहायचं नसेल तर ती स्वतः उठेल. बसून राहिली, तर शेजारी बसावं. काकूंच्या मुलाचं नाव आमच्या आळीत आता मोकळेपणानं घेतलं जातं. त्याच्या वाढदिवसाला त्या शिरा करतात आणि पोरांना बोलावून त्याच्या खोड्या सांगतात. त्यांचं दुःख कमी झालं, असा दावा मी करणार नाही. ते एकटीनं वाहावं लागणं मात्र थांबलं. मूल गेलेल्या आईसमोर त्याचं नाव घ्यायला घाबरू नका. ती ते क्षणभरही विसरलेली नसते, आणि आपण घेतलं तर तिला कळतं की आपणही विसरलेलो नाही.