उल्लेखनीय स्वारस्य

नेटिव्ह-टू-अ‍ॅस्की हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही. जावाच्या डेव्हलपर किटसोबत मिळणारं हे एक छोटं टूल. त्याला ना खिडकी, ना बटण. टर्मिनलवर नाव टाइप करायचं, पुढे एन्कोडिंग यूटीएफ-८, मग मूळ फाइल, मग नवी फाइल. एंटर. झालं काम.

प्रोग्रॅममध्ये स्क्रीनवर दिसणारे शब्द वेगळ्या रिसोर्स फाइलमध्ये ठेवतात. प्रत्येक भाषेची एक फाइल. जावा ८पर्यंत या फाइली लॅटिन-१ म्हणून वाचल्या जायच्या. लॅटिन-१ म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा अक्षरसंच. त्यात मराठी तशीच ठेवली तर स्क्रीनवर नुसता कचरा. म्हणून हे टूल प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहितं: उलटी तिरकी रेघ, यू आणि पुढे चार घरांचा क्रमांक. अ म्हणजे ०९०५. 'अहमदपूर' लिहायला युनिकोडची ७ चिन्हं लागतात, फाइलमध्ये त्यांची ४२ होतात. मशीनची सोय झाली, पण आता ती फाइल माणसाला वाचता येत नाही.

२०१७मध्ये जावा ९ आलं. या फाइली थेट यूटीएफ-८मध्ये वाचल्या जाऊ लागल्या आणि हे टूल काढून टाकलं गेलं. पण जुनी सॉफ्टवेअरं अजून जावा ८वर चालतात. त्यातलंच एक, पतसंस्थांच्या कर्जखात्यांचं, माझ्या वाट्याला आलं. तेव्हा मी अहमदपूरला, घरूनच काम करत होते. मराठी फाइल बाहेरून भाषांतर होऊन आली होती, तीही आधीच क्रमांकांमध्ये. आमच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या. टेस्ट काय बघतात? ओळ आहे का, रिकामी नाही ना, क्रमांक नीट आहेत ना. ल म्हणजे ०९३२ आणि ळ म्हणजे ०९३३. 'कर्जाचा काळ'चा 'कर्जाचा काल' झाला, तरी टेस्टच्या दृष्टीने सगळं ठीकच.

या टूलला रिव्हर्स नावाचा एक पर्याय आहे. तो दिला की क्रमांकांची पुन्हा अक्षरं होतात. मी तो चालवला आणि आलेली फाइल पप्पांना व्हॉट्सअ‍ॅप केली. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर द्यायचं आणि सोयाबीन विकलं गेलं की वसुली करायची, यात त्यांचं आयुष्य गेलंय. दिवसभराच्या नोंदी रात्री रोजमेळातून खतावणीत उतरवताना ते प्रत्येक नाव ओठांनी वाचतात.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "अगं, हे 'उल्लेखनीय स्वारस्य' काय आहे? कुणाचं स्वारस्य?"

मी इंग्रजी फाइल उघडली. तिथे थकीत व्याज होतं. थकीतसाठीच्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ उल्लेखनीय, आणि व्याजासाठीच्या शब्दाचा दुसरा अर्थ स्वारस्य. भाषांतर करणाऱ्या माणसाने किंवा मशीनने दोन्ही वेळा चुकीचा अर्थ उचलला होता.

"व्याज थकलंय तर कौतुक करायलेत का काय?" पप्पा म्हणाले. आधी आम्ही दोघंही हसलो. मग ते म्हणाले, "गिऱ्हाईक हे वाचून गप बसंल. त्याला वाटंल, काहीतरी चांगलंच लिहिलंय. आन् दंड लागला की मग यायचा पळत."

ते खरं होतं. ती ओळ पीककर्जाच्या स्क्रीनवर जाणार होती, पुढे रुपयांचा आकडा घेऊन. स्क्रीन बिघडली असती तर कुणीतरी तक्रार केली असती. पण इथे अक्षरं स्वच्छ होती, शुद्धलेखन बरोबर होतं. शेतकऱ्याला मात्र आपल्याकडे किती व्याज थकलंय हे कळलं नसतं.

पप्पांनी सुचवलेला शब्द साधा होता: 'बाकी व्याज'. तो फाइलमध्ये घातला, टूल पुन्हा सरळ चालवलं आणि त्याचे क्रमांक झाले.

त्यानंतर मी रिलीजच्या यादीत एक पायरी वाढवली. फाइल मशीनसाठी तयार झाली की ती उलटी फिरवायची आणि ज्याच्या रोजच्या व्यवहारातले ते शब्द आहेत, अशा माणसाला वाचायला द्यायची. टीममध्ये कुणीतरी विचारलं, याला वेळ किती लागतो? टूलला सेकंदही लागत नाही. पप्पांना एक दुपार लागली, तीही गिऱ्हाईक सांभाळत.