कर सगळेच भरतात, झळ मात्र सारखी नसते

"आपण गरीब माणसं, आपल्याला कसला आलाय टॅक्स?" हे वाक्य मी वस्तीत, विहारात, महिला मंडळाच्या बैठकीत कितीतरी वेळा ऐकले आहे. इन्कम टॅक्स आपल्यापैकी पुष्कळांना लागत नाही, हे खरे. पण राज्य सरकारचा आणि पालिका-ग्रामपंचायतीचा कर आपल्या घरातूनही जातो. मी बी.कॉम. झालेली, एका पतपेढीत कारकून. आकड्यांशी रोजचा संबंध, म्हणून हा हिशेब आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे मांडते.

घरचेच उदाहरण घेऊ. आमचे मिस्टर गोदामात कामाला आहेत, पगार 18 हजार. त्यांच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाचे झाले 2,500. महिना दोन लाख पगार घेणारा साहेबही वर्षाला 2,500 रुपयेच भरतो. म्हणजे शंभर रुपयांमागे आमच्या घरातून 1 रुपया 16 पैसे जातात, साहेबाचे जातात 10 पैसे. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीने ती 250 वरून एवढी झाली, त्यानंतर तिला हात लागलेला नाही. म्हणून मोठ्या पगाराला जास्त कर लावायचा म्हटले तरी राज्याला लावता येत नाही.

हा कर वाईट हेतूने आला, असे मात्र कोणी समजू नये. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणून महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे, ही कल्पना चांगलीच होती. प्रश्न आहे तो ओझे कोणी किती उचलायचे, याचा.

दुसरा कर दुकानात भरावा लागतो. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि मुंबईची जकात त्याच दिवशी गेली. जीएसटीचा निम्मा वाटा राज्याचा. सुटे तांदूळ घेतले तर कर नाही, पण 25 किलोपर्यंतच्या बंद छापील पिशवीवर जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवर 18 टक्के होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये 5 टक्क्यांवर आला. तेवढा दिलासा मिळाला. पेट्रोल जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा व्हॅट मुंबईत जुलै 2024 पासून 25 टक्के, शिवाय लिटरमागे काही रुपये वेगळे. हे पैसे डिलिव्हरीच्या गाडीवर राबणारा पोरगा आणि मोटारवाला, दोघेही एकाच दराने देतात. पोराचा पगार महिन्याच्या आत खर्चून जातो, म्हणजे जवळजवळ सगळ्या कमाईवर कराची नजर. मोटारवाल्याची निम्मी कमाई बँकेत राहते. तिला हा कर शिवतही नाही.

तिसरी घरपट्टी. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून माफ आहे. गावच्या दोन खणांच्या घराची घरपट्टी आणि पाणीपट्टी मात्र आम्ही ग्रामपंचायतीत दरवर्षी भरतो.

हा विचार आपल्याला नवा नाही. 1927 साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर नेमके हेच बोट ठेवले होते. इन्कम टॅक्सला ठराविक उत्पन्नापर्यंत सूट असते, पण एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा चुकत नाही, आणि दर त्याला व मोठ्या जमीनदाराला एकच.

अज्ञानाची किंमत किती, तेही सांगते. 1 एप्रिल 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर पूर्ण माफ आहे. आमच्या वस्तीतली एक भगिनी ठेकेदाराकडे सफाईचे काम करते, पगार 16 हजार. 2024 च्या दिवाळीत तिने मला पगाराची चिठ्ठी दाखवली, तर कपात चालूच! एकोणीस महिन्यांचे 3,900 रुपये गेले होते. तिच्या मुलीची कॉलेजची फी त्याच वेळी थकली होती. आम्ही चौघीजणी मिळून अर्ज घेऊन गेलो. पुढच्या महिन्यापासून कपात थांबली. मागचे पैसे अजून मिळालेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे.

तेव्हा प्रत्येक घराने एवढे करावे. पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी आणि शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावी. महिलेच्या पगारातून व्यवसाय कर कापला असेल तर 25 हजारांची मर्यादा दाखवून लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. घरपट्टीची पावती जपून ठेवावी. ग्रामसभेला जाऊन जमा किती आणि खर्च कशावर, हे उभे राहून विचारावे. नळ, शाळा, दवाखाना मागताना आपण कोणाकडे भीक मागत नाही. त्यात आपलेही पैसे आहेत, आणि कमाईच्या मानाने पाहिले तर साहेबापेक्षा जास्तच आहेत.