थंडी, डिझेल आणि टिपरचं ॲव्हरेज

२७ नोव्हेंबर, लेह
पुण्याच्या ऑफिसातून फोन. ऑक्टोबरात टिपर लिटरला साडेतीन किलोमीटर देत होता, आता तीनच देतो; म्हणजे डिझेल कुठेतरी मुरतंय, असा त्यांचा हिशेब. फरकाची रक्कम टिपर चालवणाऱ्या स्टान्झिनच्या पगारातून कापलीसुद्धा. मला हे अजिबात पटलेलं नाही. उणे बारा अंशांत पहाटे येऊन बोनेट उघडणाऱ्या माणसावर चोरीचा आळ घ्यायचा, तर आधी चार गोष्टी तपासायला नकोत? मीच तपासतो.

३० नोव्हेंबर
जम्मूकडून आलेला एक ट्रक रात्री आवारात उभा होता. सकाळी सेल्फ मारला की इंजिन पकडायचं आणि मिनिटभर फटफटून बंद पडायचं. टाकीत खालच्या मैदानातलं डिझेल. आमच्या जेसीबीवरच्या तात्यांनी फिल्टर खोलला. आतल्या कागदाच्या घड्यांवर पांढरट थर. नखाने खरवडला तर थिजलेल्या तुपासारखा निघाला. डिझेलमधलं पॅराफिन मेण. थंडीत त्याचे स्फटिक होतात आणि तेल वाहतं दिसत असतानाच फिल्टर तुंबतो. साध्या डिझेलसाठी भारतीय मानकाची हिवाळी अट एवढीच, की ६ अंशांपर्यंत ते फिल्टरमधून गेलं पाहिजे. इथे ६ अंश दुपारच्या उन्हातही मिळत नाहीत.

क्लीनर टाकीखाली स्टोव्ह पेटवायला निघाला होता. तात्या त्याच्यावर असे ओरडले, की बिचारा स्टोव्ह तिथेच टाकून बाजूला झाला. नवा फिल्टर घातला, लाइनवर गरम पाण्याची फडकी गुंडाळली, हातपंप मारून एअर काढली. ट्रक दुपारी सुरू झाला.

३ डिसेंबर
आमच्या टिपरमध्ये हिवाळी डिझेल असतं, म्हणून तो रोज सुरू होतो. इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात ते लडाखसाठी आणलं. पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. त्याआधी इथल्या ड्रायव्हरांनी टाकीखाली जाळ करून कसे हिवाळे काढले, ते स्टान्झिनकडून ऐकावं.

हिवाळी डिझेल करताना मेणाचा जड अंश कमी करतात किंवा केरोसीनसारखा हलका अंश वाढवतात, शिवाय मेणाचे स्फटिक बारीकच राहावेत म्हणून रसायन घालतात. तेल हलकं झालं की लिटरमागे वजन घटतं आणि वजनाबरोबर उष्णताही. किलोच्या हिशेबात फरक जवळजवळ नाही. पण आपण डिझेल लिटरने भरतो आणि इंजेक्टरही मापानेच सोडतो. त्यामुळे चढावर पिकअप जरा कमी मिळतो, ॲव्हरेजही पडतं. तरी हा फरक दोन-तीन टक्क्यांचा. आमची घट चौदा टक्के आहे.

७ डिसेंबर
बाकीची घट आज पहाटे डोळ्यांसमोर होती. स्टान्झिनने इंजिन सुरू केलं आणि ब्रेकला हवा भरून काटा वर येईपर्यंत, मग केबिन तापेपर्यंत, मग लोडिंगची वाट बघत ते सुरूच ठेवलं. बंद केलं तर पुन्हा गार पडणार, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. उभ्या टिपरचं इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं आणि किलोमीटर शून्य. त्यात गिअर ऑइल घट्ट, टायरची हवा थंडीने उतरलेली, गार हवा जड म्हणून तिचा अडसरही जास्त. उंचीवर मात्र खापर फोडता येत नाही. लेह ऑक्टोबरातही साडेतीन हजार मीटरवरच होतं.

१० डिसेंबर
एकाने विचारलं, घरचं रॉकेल मिसळू का? नाही. बीएस-६ इंजिनच्या हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं. रॉकेलने ते कमी होतं आणि पंप झिजतो. आणि एकदा मेण धरलं, की वरून ओतलेल्या रसायनाचाही उपयोग नाही. ते तेल कोमट असतानाच घालावं लागतं.

१३ डिसेंबर
इंजिन उभं चालल्याच्या तासांचा तक्ता जोडून अहवाल पाठवला होता. उत्तर आलं: मार्चपर्यंत कपात बंद, हिवाळ्याचं ॲव्हरेज वेगळं धरणार. स्टान्झिनचे आधी कापलेले पैसे परत देण्याबद्दल त्यात अक्षर नाही. सोमवारी पुन्हा फोन करतो.