रस्त्याचा सातबारा

ज्या घराखालची जमीन स्वतःच्या सातबाऱ्यावर आहे, त्या घराच्या मालकाकडे मेंटेनन्स मागायचा अधिकार कुणालाच नाही, असं मी कित्येक वर्षं ठामपणे मानत आलो. फ्लॅटवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचा जिना सामाईक, गच्ची सामाईक, पाण्याची टाकी सामाईक. प्लॉटवरचा बंगला किंवा रो-हाऊस घेणारा माणूस जास्त पैसे मोजतो ते याच कटकटीतून सुटण्यासाठी, असा माझा हिशेब होता. असं घर विकत घेताना सोसायटीकडे थकबाकीचा दाखला मागायला जाणं मला कमीपणाचं वाटे. आज माझं मत अगदी उलट आहे. हा दाखला हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नये, असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

जुनं मत आलं कुठून, हेही सांगायला हवं. आमचं वालीव गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हा वडील वर्षातून एकदा घरपट्टी भरून यायचे आणि ती पावती कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत जायची. घरासाठी बाहेर द्यायचा पैसा म्हणजे तेवढाच. विहीर आमची, पायवाट सगळ्या गावाची, आणि सांडपाणी परसातल्या केळींना. 3 जुलै 2009 ला वसई-विरार महानगरपालिका झाली, वालीव तिच्यात गेलं. पुढे 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. कागदावरची नावं बदलली, पण ‘स्वतःचं घर’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचीच पद्धत यायची.

माझं काम गाळ्यांचे हिशेब लिहिण्याचं. वालीव नाक्यापासून सातिवलीपर्यंत इंडस्ट्रियल इस्टेटी लागून लागून आहेत. तिथे गाळा विकत घेणारा माणूस भाव विचारायच्या आधी विचारतो, ‘मेंटेनन्स किती आणि बाकी किती?’ इस्टेटमधला रस्ता, दिवे, वॉचमन, गटार हे सगळं गाळेवाल्यांच्या पैशावर चालतं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी स्वतः अशी नो-ड्यूज पत्रं कितीदा टाइप केली आहेत. तरीही तोच प्रश्न राहत्या घराला लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही. धंद्याची जागा वेगळी आणि घर वेगळं, एवढ्यावर माझा विचार थांबायचा.

माझा मेहुणा वसई पूर्वेला एक जुनं रो-हाऊस बघत होता. दोन्ही बाजूंनी किंमत ठरली, विकणाऱ्याला घाई होती. मेहुणा मात्र अडून बसला. “दाजी, तिथल्या सोसायटीचा कागद बघितल्याशिवाय मी टोकन देणार नाही.” मी त्याला माझं नेहमीचं ऐकवलं: वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आहे, इंडेक्स टू आहे, सातबारा स्वच्छ आहे, आणखी काय हवं? त्याचं उत्तर साधं होतं. या तिन्ही कागदांत सोसायटीची बाकी कुठे लिहिलेली असते, ते दाखवा. कुठेच नसते. हिशेब वाचायची मला सवय, म्हणून लेआउटचं दप्तर बघायला तो मलाच सोबत घेऊन गेला.

सोसायटीचं दप्तर म्हणजे खजिनदार बाईंच्या घरातलं लाकडी कपाट. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी लांबट लेजर काढून समोर ठेवलं. जूनचं पान उघडलं होतं: गटार उपसणी, मुरूम दोन गाड्या, बोअरची मोटर रिवाइंडिंग, सक्शन टँकर, पावसाआधी झाडाच्या फांद्या तोडणं, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल. बिल अजून बिल्डरच्याच नावाने येत होतं, भरत होते रहिवासी. शेवटच्या रकान्यात काही घरांच्या आकड्यांभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. ज्या घरासाठी आम्ही गेलो होतो, त्याच्याभोवतीही होतं. विकणाऱ्या गृहस्थांनी बरेच महिने काही भरलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं बाईंनी कसलीही कडवट भर न घालता सांगितलं: माझं घर, माझी जमीन, मी महापालिकेला पट्टी भरतो, तुम्हाला का देऊ? शब्द नि शब्द माझेच होते.

मग बाई म्हणाल्या, “न देणाऱ्यांच्या दारासमोरचा दिवा मला बंद करता येत नाही. सगळे दिवे एकाच वायरवर आहेत.”

माझं मत फिरलं ते या वाक्याने. तोवर मी हा प्रश्न मालक विरुद्ध सोसायटी असा बघत होतो. लेजरमध्ये तो शेजारी विरुद्ध शेजारी असा दिसला. एकाने नाही भरलं तर सक्शन टँकर यायचा थांबत नाही, त्याचा हिस्सा बाकीचे भरतात. माझ्या ‘स्वतःच्या जमिनीवरच्या’ मालकाचं स्वातंत्र्य बाजूच्या घरातल्या पेन्शनर माणसाच्या खिशातून चाललं होतं.

पण न्यायाची बाजू क्षणभर बाजूला ठेवू. विकत घेणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवी ती जमिनीची रचना. प्लॉट आपल्या नावावर होतो, पण प्लॉटपर्यंत नेणारा आतला रस्ता कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच लेआउटमध्ये त्या रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा सातबारा मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहिलेला असतो. महापालिकेने तो रस्ता ताब्यात घेतलेला नसेल तर तो खाजगी रस्ता. त्यावरचा खड्डा, त्याखालचं गटार, त्यावरचा दिवा हे सगळं तिथे राहणाऱ्यांच्या गळ्यात. आमच्या भागात पावसाळ्यात पाणी कसं तुंबतं ते सांगायला नको. अशा वेळी रस्ता कुणाचा, हा प्रश्न गुडघाभर पाण्यात उभं राहून विचारावा लागतो. घराच्या सातबाऱ्याइतकाच रस्त्याचा सातबारा महत्त्वाचा आहे, हे मला त्या दिवसाआधी कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

कायदा याबाबतीत गप्प नाही. रेरा कायद्याच्या कलम 11 प्रमाणे रहिवाशांची संस्था देखभाल हातात घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकार घेऊन पुरवायची जबाबदारी बिल्डरची, आणि कलम 19 प्रमाणे आपला हिस्सा वेळेवर भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर विक्री कराराचा मसुदा बघायला मिळतो. मेंटेनन्स, कॉर्पस, आगाऊ घ्यायची रक्कम, या ओळी तिथे शोधाव्यात. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या योजनेला महारेरा नोंदणीची सक्तीच नाही. चार-सहा रो-हाऊसच्या छोट्या योजनांचा कागद तिथे सापडणार नाही, तो माणसांकडूनच मिळवावा लागतो.

जुन्या घराचं प्रकरण आणखी नाजूक. सोसायटी नोंदणीकृत असेल तर तिच्या बाकीची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. आधी ही तरतूद सहकार कायद्याच्या कलम 101 मध्ये होती, 2019 पासून गृहनिर्माण संस्थांसाठी ती 154ब-29 मध्ये आहे. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत साधं व्याज लागू शकतं. महिना 1,500 रुपये धरले तर दोन वर्षांचे 36,000 होतात, आणि त्यावर पुढच्या एकाच वर्षाचं व्याज 7,560. घराच्या किमतीपुढे रक्कम लहान आहे, हे मान्य. पण विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो, आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला गेलेल्या नव्या मालकासमोर जुना आकडा उभा राहतो. पहिल्याच महिन्यात ज्यांच्यासोबत जन्मभर राहायचं त्यांच्याशी वाद.

हस्तांतरणाला सोसायटीच्या ना-हरकत पत्राची गरज नाही, असं आदर्श उपविधी सांगतात. माझ्या जुन्या मताचा हा मोठा आधार होता आणि नियम आजही योग्यच आहे. घर कुणाला विकावं हे सोसायटीने ठरवू नये. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. पण परवानगी मागणं आणि माहिती मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या एकच समजत होतो. अडचण अशी की दप्तर बघायचा हक्क सभासदाला आहे, होऊ घातलेल्या खरेदीदाराला नाही. आम्हाला बाईंनी लेजर दाखवलं तो त्यांचा चांगुलपणा. तेव्हा माहिती विकणाऱ्याने मागून आणून द्यायची असते, आणि त्याने ती आणावी ही अट घालायची ताकद खरेदीदाराकडे टोकन देण्याआधीच असते.

ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. इंग्लंडला नोकरीनिमित्त गेलेल्या नातेवाइकांनी तिथे फ्रीहोल्ड घर घेतलं, जमिनीसकट. तरी वसाहतीतले रस्ते आणि बागा कौन्सिलने ताब्यात न घेतल्यामुळे दरवर्षी इस्टेटचा आकार येतोच. तिथल्या स्पर्धा नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 च्या अहवालात अशा आकाराची सरासरी वर्षाला 350 पौंड धरली होती. फरक एवढाच की तिथे खरेदीच्या वेळी वकील एक ठरावीक छापील प्रश्नावली वसाहतीच्या व्यवस्थापकाकडे पाठवतात: आकार किती, बाकी किती, येत्या काळात मोठा खर्च ठरलाय का. असा छापील नमुना, त्याची ठरलेली फी आणि उत्तराची ठरलेली मुदत आपल्या सहकार खात्याने आणावी, असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र मी बदललेलो नाही. महापालिकेची पट्टी पूर्ण भरायची आणि रस्ता, दिवा, गटार पुन्हा स्वतःच्या पैशाने करायचं, हा दुहेरी भार अन्यायाचाच आहे. लेआउटचे रस्ते महापालिकेने ताब्यात घ्यावेत यासाठी वालीवच्या प्रभाग कार्यालयात सोसायट्यांनी एकत्र जाऊन अर्ज द्यायला हवेत. पण तो भांडायचा विषय महापालिकेशी आहे. त्याचा राग शेजाऱ्यांचा हिस्सा थकवून काढणं मला आता पटत नाही.

मेहुण्याने ते घर घेतलं. बाकी विकणाऱ्याच्या रकमेतून वळती झाली आणि तसं विक्री करारात लिहिलं गेलं. दिव्यांचं मीटर सोसायटीच्या नावावर करायचा अर्ज आता तोच घेऊन फिरतो.

वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात कुणी रो-हाऊस किंवा प्लॉट बघत असाल तर टोकनआधी विकणाऱ्याकडून एवढं लेखी घ्या: देखभाल कोण बघतं, नोंदणीकृत सोसायटी, बिल्डर की नुसती रहिवाशांची समिती, महिन्याचा आकार आणि आजपर्यंतची बाकी, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, रस्ता दुरुस्ती किंवा नव्या बोअरसाठी वर्गणी ठरली आहे का, आणि आतल्या रस्त्याचा व मोकळ्या जागेचा सातबारा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच ठेवा.