टीव्हीस अनावृत पत्र: कडा कापू नकोस

प्रिय टीव्ही,

घरातला सगळ्यात मोठा पडदा तुझा. कॉम्प्युटर मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर, एका वेळी एकाच माणसापुरता. एक एचडीएमआय केबल लावली की तो साऱ्या घराचा होतो. आजोबांना ऑनलाइन काढलेला सातबारा चष्मा पुढेमागे न करता वाचता येतो. पडदा फुटलेला जुना लॅपटॉपही तुझ्या जिवावर पुन्हा अभ्यासाला लागतो. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं: कॉम्प्युटर जोडला की त्याचं चित्र जसंच्या तसं दाखव.

केबल आपलं काम चोख करते. एचडीएमआयचं पहिलं प्रमाण 2002 साली ठरलं आणि चित्र नि आवाज एकाच तारेतून येऊ लागले. त्याआधीची 15 पिनांची व्हीजीए केबल फक्त चित्र आणायची, आवाजाला वेगळी वायर लागायची.

पण केबल लावून, रिमोटवरून इनपुट बदलून काय दिसतं? खालचा टास्कबार अर्धा गायब. वरच्या कोपऱ्यातली फुली कडेबाहेर. विंडो बंद करायची तर माउस अंदाजानेच न्यायचा. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा नीट बसायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायची रीत पडली. तुझ्या सपाट पडद्याला तिची गरज नाही. तू फुल एचडी असशील, तर तुझ्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाखांहून जास्त ठिपके आहेत, आणि कॉम्प्युटर नेमके तेवढेच पाठवू शकतो. तू चित्र ताणलंस की ठिपके एकमेकांत मिसळतात, अक्षरं धूसर होतात आणि बोल लागतो कॉम्प्युटरला.

उपाय तुझ्याच मेन्यूत दडलेला असतो: कुठे ‘जस्ट स्कॅन’, कुठे ‘स्क्रीन फिट’, कुठे ‘फुल पिक्सेल’. काही टीव्हींवर इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की लाल अक्षरांच्या फिसकटलेल्या कडाही स्वच्छ होतात. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो केबल गुंडाळून कपाटात टाकतो.

वाईट याचंच वाटतं, कारण तुला सगळं कळू शकतं. केबल जोडताच तू कोण आहेस आणि किती ठिपके दाखवू शकतोस, हे कॉम्प्युटरला कळतं. येणारं चित्र सिनेमाचं आहे की मजकुराचं, हे तुला कळवायची सोयही त्याच तारेत आहे. तरी कित्येक घरांत ही सेटिंग माणसालाच शोधावी लागते.

तुला घडवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. कडा न कापणं हीच कारखान्यातून निघतानाची सेटिंग असू दे, आणि मेन्यूतलं तिचं नाव सगळ्यांचं एकच असू दे. वेगळा मॉनिटर घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांचा मॉनिटर तूच आहेस. त्यांच्या पोरांना पूर्ण पान दिसलं पाहिजे.

तुझ्या पडद्यावर वाचणारा,
एक घरमालक