टोपणनांवांचें स्थलांतर

मराठी कुटुंबांत पाळण्यांतलें नांव बहुधा कागदोपत्रींच राहतें. घरांत हाक जाते ती अण्णा, तात्या, नाना अशी. संगणकाशीं आज्ञा टंकून बोलणाऱ्या मंडळींतहि हीच रीत आहे. बेल प्रयोगशाळेंत 1969 सालीं जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेंत, आज्ञा ऐकून घेणारा जो 'शेल' नांवाचा द्वारपाल असतो, त्यास 'एलियस' म्हणजे टोपणनांवें शिकवितां येतात. लांबलचक आज्ञेस एकदां दोन अक्षरी नांव दिलें कीं पुढें तेवढ्याच हाकेनें काम होतें. हीं नांवें एका फाइलींत राहतात; तिच्या नांवाच्या आरंभीं टिंब असल्यामुळें ती सहसा दृष्टीसहि पडत नाहीं.

महाविद्यालयांत आमच्यापुढें लिनक्स असतें आणि घरीं मॅक. दोघांची राहणी युनिक्सचीच. तेव्हां फाइल येथून तेथें नेली म्हणजे झालें, असें कोणासहि वाटावें. पण पहिली अडचण उंबरठ्यावरच येते. लिनक्सवरील 'बॅश' एका नांवाची फाइल वाचतो. मॅकनें 2019 पासून नेमलेला 'झेडशेल' दुसऱ्याच नांवाची शोधतो. नांव बदलून तिला आंत घेतली, तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. फाइलींची यादी दाखविणाऱ्या 'एलएस' या आज्ञेस 'जी' हें मोठें इंग्रजी अक्षर जोडलें, तर मॅकवर यादी रंगीत होते. लिनक्सवर मात्र तेंच अक्षर विस्तृत यादींतील गटाचें नांव गाळून टाकतें. आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांस याचें नवल वाटूं नये. येथें भिंतीपलीकडच्या उर्दू घरांत 'नाना' म्हणजे आईचे वडील. आमच्या घरीं तीच हाक थोरल्या काकांस!

शहरासहि नांवांची वाण नाहीं. मलिक अंबरानें 1610 सालीं वसविलेलें खडकी पुढें त्याच्या मुलावरून फतेहनगर झालें, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असतां 1653 सालीं औरंगाबाद झालें, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. जुना दस्तऐवज वाचणारा आधीं काळ पाहतो; फाइल नेणाऱ्यानें आधीं यंत्र पाहावें. 'यूनेम' ही आज्ञा यंत्रास त्याची ओळख विचारते. एक 'लिनक्स' म्हणून सांगतें, दुसरें 'डार्विन' म्हणून. फाइलींत हा प्रश्न घालून, सर्वत्र चालणारीं नांवें एकत्र ठेवावीं व स्थानिक नांवें ज्या त्या उत्तराखालीं मांडावीं, म्हणजे एकच फाइल दोन्हींकडे सुखानें नांदते.

खरा धोका निराळाच आहे. 'आरएम' ही फाइल पुसून टाकणारी आज्ञा. पुष्कळ जण तेंच नांव, पुसण्यापूर्वीं विचारून घेणाऱ्या आज्ञेस टोपणनांव म्हणून देतात. त्या प्रश्नाची संवय जडते व हात निर्धास्त होतो. मग परक्या यंत्रावर तोच हात तींच दोन अक्षरें टंकतो, आणि कोणीं कांहीं न विचारतां वर्षाचें काम नाहींसें होतें. अनोळखी हाकेस यंत्र निदान 'ओळखत नाहीं' असें तरी म्हणतें. ओळखीच्या हाकेचा बदललेला अर्थ मुकाट्यानें अंमलांत येतो. म्हणून विचारून पुसणाऱ्या आज्ञेस आम्हीं सर्वस्वीं नवें नांव दिलें आहे. जेथें तें माहीत नसेल तेथें आमचें काम अडेल, पण बुडणार नाहीं.

विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावयाच्या आज्ञापत्रांत मात्र आम्ही टोपणनांव येऊं देत नाहीं. लिहून ठेवलेलें आज्ञापत्र चालवितांना बॅशहि आपण होऊन तीं मानीत नाहीं. घरांत नाना खुशाल म्हणावें. खरेदीखतावर पूर्ण नांवच लागतें.